दगडावरील नावे आणि बाजारातील बिल्ले : कोरेगाव भीमा येथील रणचिन्हांचे वाचन

कोरेगावच्या लढाईविषयी मराठीत व इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. तिच्या लष्करी बाजूचा पुनर्विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू नाही. लढाईनंतर तिच्या नावाने घडविल्या गेलेल्या वस्तू, म्हणजे एक दगडी स्तंभ, एक रुप्याचे पदक, एका पलटणीचा टोपीवरील बिल्ला आणि आज दर वर्षी उघड्या मैदानावर विकल्या जाणाऱ्या त्याच स्तंभाच्या लहान प्रतिकृती, यांच्यावरील अक्षरे वाचणे एवढाच मर्यादित उद्देश येथे आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. इतिहासकारांच्या प्रांतात त्याने पाऊल टाकले आहे ते केवळ या वस्तूंवर लिहिलेले शब्द फारसे कोणी शब्द म्हणून तपासलेले नाहीत, या जाणिवेने.

प्रथम स्थळाविषयी. ज्याला आपण कोरेगावचा स्तंभ म्हणतो तो कोरेगावात नाही. पुण्याच्या ईशान्येस सुमारे २८ किलोमीटरवर, अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या हमरस्त्यालगत, भीमा ओलांडण्यापूर्वी, हवेली तालुक्यातील पेरणे गावाच्या हद्दीत तो उभा आहे. कोरेगाव नदीपलीकडे, शिरूर तालुक्यात. गावाचे महसुली नाव 'कोरेगाव भीमा'. मराठीत समान नावांच्या गावांना वेगळे करणारे पद नावामागून येते. तळेगाव ढमढेरे, वढू बुद्रुक, पिंपळे जगताप ही याच परिसरातील उदाहरणे. लोकांच्या तोंडी मात्र गेल्या काही दशकांत 'भीमा-कोरेगाव' असा उलटा क्रम रूढ झाला आहे. नदीचे नाव पुढे येण्यास वाक्यरचनेचे कोणतेही कारण नाही. १ जानेवारीला येथे येणाऱ्या जनसमुदायाच्या कानी 'भीमा' या शब्दात दुसरेही एक नाव ऐकू येते, हेच त्याचे कारण असावे. व्याकरणापेक्षा भक्ती बलवत्तर ठरल्याची अशी उदाहरणे स्थलनामांच्या अभ्यासात दुर्मिळ नाहीत.

लढाईची हकीकत थोडक्यात अशी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन मुंबई एतद्देशीय पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, सुमारे तीनशे स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा घेऊन शिरूरहून पुण्याच्या मदतीस निघाला. एकूण माणसे आठशेच्या वर, त्यांत पायदळ सुमारे पाचशे. रात्रभर चालून ती सकाळी भीमेपाशी आली, तो समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज दिसली. ही फौज सुमारे २८ हजारांची मानली जाते. प्रत्यक्ष गावावर चालून गेलेल्या तुकड्या सुमारे दोन हजारांच्या असून त्यांत अरबांचा भरणा मोठा होता. दिवसभर गावाच्या गल्लीबोळांतून, अन्नपाण्यावाचून लढाई चालली आणि रात्री थांबली. पेशव्यांची फौज निघून गेली, स्टाँटन शिरूरला परतला. कंपनीच्या बाजूचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून २७५ माणसांचे नुकसान नोंदलेले आहे. याहून अधिक येथे नको. लढाई कोणी जिंकली हा वाद मोठा असला तरी आपल्या विषयाला तो एकाच ठिकाणी स्पर्श करतो, ते ठिकाण पुढे येईल.

स्तंभाचा पाया २६ मार्च १८२१ रोजी घातला गेला. त्यावरील इंग्रजी लेखाच्या अखेरीस १८२२ हे वर्ष रोमन अंकांत कोरलेले आहे. लेख इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. इंग्रजी लेखाचा आरंभच लक्षणीय आहे. हा स्तंभ कोरेगावच्या 'बचावा'च्या स्मरणार्थ उभारला, असे तो म्हणतो. विजयाचा गर्जनायुक्त उच्चार लेखात पुढे येतो, परंतु घटनेला नाव देताना लेखकाने 'बचाव' हाच शब्द निवडला आहे. मराठीत मात्र हा 'जयस्तंभ' झाला, आणि आज 'विजयस्तंभ'. या तीन शब्दांत जे अंतर आहे ते केवळ अनुवादातील सैलपणाचे म्हणता येणार नाही. कंपनीच्या दृष्टीने वेढ्यातून वाचणे हाच पराक्रम होता. पुढे ज्यांनी हा दगड आपला मानला त्यांच्या दृष्टीने वाचणे पुरेसे नव्हते, त्यांना जिंकणे हवे होते. त्यांचा विजय कोणावर, याचे उत्तर १८२२ च्या लेखात शोधू नये. ते त्यानंतरच्या शंभर वर्षांत आहे.

लेखाचा उत्तरभाग सांगतो की, सरकारच्या आज्ञेने त्या तुकड्यांची आणि ठार व जखमी झालेल्यांची नावे या स्मारकावर कोरण्यात येत आहेत. साध्या शिपायाचे नाव बापाच्या नावासह दगडावर यावे, ही आपल्याकडे त्या काळी नवी गोष्ट होती. आपल्या वीरगळांवर लढणाऱ्याची आकृती असते, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा असतात, पुष्कळदा नाव नसते. पेरण्याच्या स्तंभावर याच्या नेमके उलट आहे. आकृती एकही नाही, नुसती नावे.

या नावांपैकी एक गट चटकन डोळ्यांत भरतो. रामनाक येसनाक, बाळनाक कोंडनाक, गणनाक बाळनाक अशी ही नावे आहेत. रोमन लिपीत शेवटच्या 'क'साठी 'सी' हे अक्षर वापरलेले आहे, 'के' नव्हे. मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावे अशी 'नाक'-अंत्य आहेत, अशी मोजदाद सर्वत्र दिली जाते, आणि त्यावरून २२ महार शिपाई धारातीर्थी पडले असे म्हटले जाते. हे विधान बरोबर आहे. मात्र ते नेमके किती बरोबर आहे, हे सांगणे भाषाभ्यासकाचे काम आहे.

'नाक' हा प्रत्यय 'नायक' या शब्दापासून आला, हे मत मला ग्राह्य वाटते. 'नायक' मधील दुर्बल 'य' लोप पावून दोन स्वर एकत्र येणे मराठीच्या प्रवृत्तीला धरूनच आहे. काहींनी तो 'नाग' शब्दाशी, म्हणजे नागवंशाच्या कल्पनेशी जोडला आहे. परंतु शब्दान्ती 'ग'चा 'क' कोणत्या नियमाने झाला, हे त्या पक्षाने दाखविलेले नाही. 'नायक'पक्षाला आणखी एक आधार याच दगडावर आहे. दोन 'नाक'-नावांना जोडून 'नाईक' असा हुद्दाही आलेला आहे. म्हणजे एकच संस्कृत शब्द एका ओळीत दोनदा आला आहे : एकदा गावगाड्यातून झिजून नावाचे शेपूट झालेला, आणि एकदा पलटणीच्या हिंदुस्थानी बोलीतून हुद्दा होऊन परतलेला. ज्याने ही ओळ कोरली त्याला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्या शिपायाला होती की नाही, कोण जाणे.

आता या नावांचा पूर्वभाग पाहा. राम, येस, बाळ, कोंड, गण. यांत विशिष्ट जातीचे असे काही नाही. हीच नावे इतरत्र रामजी, येसाजी, बाळाजी, कोंडाजी, गणोजी अशी दिसतात. व्यापाऱ्याच्या घरी रामशेट होतो, भिक्षुकाच्या घरी रामभट होतो. बारशाचे नाव एक, समाजाने मागे लावलेली खूण वेगवेगळी. 'नाक' ही अशी खूण होती. ती मुळात मानाची असली तरी अठराव्या शतकापर्यंत तिने जात सांगण्याचेच काम पत्करलेले दिसते. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईच्या कथनांत पटवर्धनांच्या सैन्यातील शिदनाक महार येतो तो याच खुणेसह. (पेशवाईच्या बाजूनेही महार लढत होते, याचे स्मरण ठेवलेले बरे.)

तेव्हा 'नाक' दिसले की शिपाई महार, हे अनुमान बहुतांशी निर्धोक आहे. उलट अनुमान मात्र टिकत नाही. 'नाक' नाही म्हणून शिपाई महार नाही, असे म्हणता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पितामह मालोजी लष्करात होते, वडील रामजी सुभेदार होते. दोन्ही नावे 'जी'-अंत्य. ती मुळात मालनाक, रामनाक होती व पुढे बदलली, असे कोणी म्हणेल. तसे असल्यास माझा मुद्दा अधिकच बळकट होतो. पलटणीत नाव लिहून देताना, वा हुद्दा वाढल्यावर, जातिदर्शक शेपूट टाकून 'जी' धारण करणे शक्य होते आणि लोकांनी ते केले. म्हणून २२ ही संख्या किमान मर्यादा आहे. मोजणी म्हणून ती वापरता येत नाही.

उरलेल्या नावांची मराठा, राजपूत, मुसलमान, ज्यू अशी जी वाटणी अनेक लेखांत आढळते, तिच्यावर तर मुळीच विसंबू नये. 'जी' पाहून मराठा ठरविणे म्हणजे पागोटे पाहून गोत्र सांगण्यासारखे आहे. कोकणातील बेने इस्रायल कुटुंबांतील पुरुषही त्या काळी 'जी' लावीत. मुंबईतील बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये बांधणारे समुएल इझिकेल दिवेकर कंपनीच्या लष्करातच होते, आणि मराठीत त्यांचे नाव सामाजी हसाजी असे होते. यादीत असा 'सामाजी' आला, तर त्याला कोणत्या रकान्यात घालायचे, हे केवळ अक्षरांवरून कोण सांगणार?

दगडानंतर धातू. १८५१ मध्ये कंपनीच्या खर्चाने एक रुप्याचे पदक काढण्यात आले. १७९९ ते १८२६ या काळात हिंदुस्थानातील लढायांत भाग घेतलेल्यांना ते द्यावयाचे होते. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मस्तक, दुसऱ्या बाजूस बसलेली जयदेवता व ताडाचे झाड, आणि 'हिंदुस्थानच्या सैन्यास' अशा अर्थाची अक्षरे. फीत फिकट निळी. लढाईचे नाव फितीवर चढविलेल्या रुपेरी पट्टीवर. अशा पट्ट्या एकवीस प्रकारच्या असून 'कोरेगाव' ही त्यांपैकी एक. शिपायाचे स्वतःचे नाव पदकाच्या कडेवर.

या एकवीस पट्ट्या म्हणजे भाषाभ्यासकाला मिळालेली छोटीशी खाणच होय. खडकीचे 'किर्की' झाले आहे, कारण दोन स्वरांमधील आपला 'ड' इंग्रजी कानाला 'र'सारखा ऐकू येतो. सीताबर्डीचे 'सीताबुल्दी' झाले आहे. असई, आडगाव, गाविलगड, महिदपूर सगळी आहेत, आणि कोणतेही आपल्या गावच्या माणसाला एकदम ओळखू येणार नाही. कोरेगाव लिहिले आहे ते सी-ओ-आर-वाय-जी-ए-यू-एम असे. स्तंभावर 'वाय'च्या जागी 'ई' आहे. एकाच सरकारने एकाच गावाचे नाव तीस वर्षांत दोन प्रकारे कोरले. शेवटचा 'एम' मात्र दोन्हीकडे कायम आहे, आणि आडगावच्या पट्टीवरही तो आहे. हा 'म' उच्चारावयाचा नव्हे, तो 'गांव' मधील अनुनासिकाचे चिन्ह आहे. पोर्तुगीज लेखनात शब्दान्तीचा 'म' हेच काम करतो, त्यांनी वसईला 'बासाइम' म्हटले ते असेच. इंग्रजांनी पश्चिम किनाऱ्यावर ही सवय त्यांच्याकडून उचलली असावी. गंमत अशी की, 'ग्राम'मधील जो 'म' मराठीने अनुनासिक करून जवळजवळ गिळला, तो परकीय लेखणीने अजाणता परत आणून ठेवला.

या पदकाची एक अट होती, आणि ती अतिशय कठोर होती. १८५१ पर्यंत जो जिवंत असेल व मागणी करील, त्यालाच ते मिळावयाचे होते. कोरेगावपासून तोवर तेहेतीस वर्षे लोटली होती. १८१८ मध्ये वीस वर्षांचा असलेला शिपाई त्रेपन्न वर्षांचा झाला होता, आणि तो कोकणातल्या वा देशावरच्या एखाद्या गावी महारवाड्यात राहत असेल, तर सरकारी हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचणे व त्याने अर्ज करणे दोन्ही दुष्कर. म्हणून या पट्टीची पदके फार थोडी. आजही लंडनच्या लिलावगृहांत एखादे निघाले तर संग्राहकांची झुंबड उडते ती याच दुर्मिळपणामुळे. हिशेब मांडला तर असा निघतो : जो पडला वा जखमी झाला त्याचे नाव दगडावर, जो १८५१ पर्यंत जगला त्यातल्या काहींचे रुप्यावर. जो धडधाकट परतला आणि मध्यंतरी वारला, त्याचे नाव यांपैकी कशावरही नाही. बहुसंख्य शिपाई या शेवटच्या वर्गातले असणार.

लष्करी वस्तूंचा आपल्याकडील उघडा बाजार म्हणजे पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार. तेथे कोरेगावची पट्टी मिळण्याची आशा बाळगून मी कधी गेलो नाही. परंतु पहिल्या महायुद्धाची पदके तेथे पितळी कुलपे, बिनकाट्यांची घड्याळे व ब्रिटिश नाणी यांच्या शेजारी अधूनमधून दिसतात. १९१४–१८ चे रुप्याचे युद्धपदक तर हिंदुस्थानात असंख्यांना मिळाले होते, आणि चांदीचा भाव चढला की त्यांतली कित्येक सोनाराच्या मुशीत गेली. एका रविवारी मी असे एक पदक उचलून कड वाचण्याचा प्रयत्न केला. महार शिपायांची १११ वी पलटण १९१७ मध्ये उभी राहून १९२१ मध्ये मोडली गेली. तिच्यापैकी कोणाचे असेल काय, ही लालसा मनात होती. कड घासून गुळगुळीत केलेली होती. विक्रेता म्हणाला, "नाव काढून टाकलंय साहेब, त्याशिवाय लोक घेत नाहीत. दुसऱ्याच्या घरचं मेलेलं माणूस कशाला घरात?" संग्राहकांच्या जगात कडेवरचे नाव हीच पदकाची किंमत असते आणि नाव खोडले की ते भंगार होते, हे मी त्याला सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने तराजू पुढे केला. (शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंचा व्यापार १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणे परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत, हे तेथे कोणी कोणाला सांगताना मी ऐकले नाही.)

पदके अशी विखुरली, वितळली. स्तंभाचे तसे झाले नाही, याचे श्रेय कंपनी सरकारकडे जात नाही. १८९० नंतर 'लढाऊ जमाती'च्या सिद्धान्तामुळे महारांची सैन्यभरती बंद पडली. ज्यांनी साम्राज्याच्या सेवेत पिढ्या घालविल्या, त्यांनाच ते लढाऊ नव्हेत असे सांगण्यात आले. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८९४ मध्ये, आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये, भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारदरबारी अर्ज केले. या संदर्भात पेरण्याचा दगड हा आयता पुरावा होता, आणि तोही सरकारने स्वतःच्या हाताने कोरलेला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तेथे आले. कांबळे यांचा त्या मेळाव्यात पुढाकार होता. ज्या खुणेने गावात माणूस वेशीबाहेर ठेवला जात होता, तीच खूण येथे पराक्रमाची साक्ष देत होती. 'नाक' या प्रत्ययाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा अर्थपालट होय. तो घडला तेव्हा हा प्रत्यय जिवंत बोलीतून जवळजवळ निघून गेला होता, ही नोंद मी येथे मुद्दाम करतो. शब्द व्यवहारातून गेला म्हणूनच तो अभिमानाने वाचता आला, असे माझे मत आहे.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरील बिल्ल्यात हाच स्तंभ होता. १९४६ मध्ये रेजिमेंट मशिनगनची झाली, तेव्हा स्तंभासोबत एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशिनगन आल्या. स्वातंत्र्यानंतर स्तंभ काढून त्याच्या जागी कट्यार आली. नव्या राष्ट्राच्या सैन्याने कंपनीच्या जयाचे चिन्ह मस्तकी धारण करू नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. परंतु बिल्ल्यातून स्तंभ गेला त्याच काळात मैदानावर लोकांची रीघ वाढत गेली. सैन्याने चिन्ह सोडले, समाजाने ते उचलले.

आता १ जानेवारीच्या बाजाराविषयी. त्या दिवशी स्तंभाभोवतीच्या मोकळ्या रानात आणि रस्त्याच्या दुतर्फा जो बाजार भरतो, त्यास जत्रा म्हणावे की ग्रंथप्रदर्शन, याचा निर्णय मला करता आलेला नाही. पुस्तकांची दुकाने मुबलक असतात, आणि पुस्तके खरोखरच विकली जातात. ज्या विद्यापीठीय प्रकाशनांच्या प्रती आपल्या भांडारांत धूळ खातात, त्यांनी याचा विचार करावा. पुस्तकांच्या शेजारी निळे झेंडे, तसबिरी, दिनदर्शिका, किल्ल्यांना लावायच्या साखळ्या, छातीवर लावायचे बिल्ले आणि स्तंभाच्या प्रतिकृती. प्लास्टरच्या, लाकडाच्या, पितळी, पारदर्शक प्लास्टिकच्या, बोटाएवढ्यापासून हातभर उंचीपर्यंत. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, या परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा बळी गेला, आणि पुढे चौकशी आयोग नेमला गेला. तेव्हापासून बंदोबस्त कडक असतो. बाजार मात्र आटलेला नाही.

या प्रतिकृती मी एकेक करून वाचल्या. विक्रेत्यांना माझा संशय आला असल्यास तो साहजिक होता, कारण मी सर्व उलटून पाहत होतो आणि घेत एकही नव्हतो. त्यांवर 'विजयस्तंभ' असते, 'भीमा-कोरेगाव' असते, '१ जानेवारी १८१८' असते, आणि पुष्कळांवर '५००' हा आकडा असतो. कित्येकांवर पुढे '२८०००'. मूळ स्तंभावर पाचशे महार असा आकडा नाही. पलटणीतील पायदळ सुमारे पाचशे होते, त्यांत महार मोठ्या प्रमाणात होते, हे खरे. परंतु पाचशेच्या पाचशे महार होते, हे ना दगड सांगतो ना तत्कालीन कागद. मूळ दगडावर जे आहे ते, म्हणजे नावे, मात्र एकाही प्रतिकृतीवर नाही. कारण उघड आहे. हातभर उंचीच्या प्लास्टरवर नावे मावत नाहीत, आकडा मावतो.

या निरीक्षणावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, लोकस्मृती खोटी व दगड खरा. तो मला मान्य नाही. याच आकड्याचा आधार घेऊन सबंध महार सहभागच काल्पनिक ठरविणारे लेखनही अलीकडे होत आहे, आणि ते अधिक चूक आहे. आकडा वाढविला गेला असेल, परंतु बावीस माणसे बापांच्या नावांसह तेथे उभी आहेत, आणि वर दाखविल्याप्रमाणे बावीस ही किमान मर्यादा आहे. आकड्याचा वाद आकड्याने मिटणार नाही. नावांचे काम करावे लागेल. दगडावरील रोमन रूपे, तत्कालीन पलटणींच्या नोंदी व पेन्शनीची कागदपत्रे समोरासमोर ठेवून प्रत्येक नावाचे मराठी रूप निश्चित करणे, हे काम आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने दोन-तीन वर्षांत पुरे करण्याजोगे आहे. रोमन लेखनातील 'सी', 'के' व दुहेरी अक्षरे यांचे संकेत एकदा लागले की, मराठी रूप बहुतेक ठिकाणी खात्रीने मिळते. शिलालेखाचे ठसे मात्र हवामान आणि दर वर्षीचे हार-फुले यांनी अक्षरे आणखी झिजण्यापूर्वी घेतले पाहिजेत.

गर्दीच्या दिवशी स्तंभाजवळ उभे राहून वाचणे शक्य नसते. म्हणून मी पुढे फेब्रुवारीत एका सकाळी पुन्हा गेलो. वही काढून नावे उतरवून घेत असता महाड भागातून आलेले एक कुटुंब तेथे आले. म्हातारे गृहस्थ महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले होते. त्यांच्या कोटावर स्तंभ असलेला जुन्या धर्तीचा बिल्ला होता. तो त्यांनी १ जानेवारीच्या बाजारात विकत घेतला होता, नोकरीत असताना त्यांच्या टोपीवर कट्यार होती. मी काय लिहितो आहे हे कळल्यावर त्यांच्या सुनेने विचारले, "सर, यात गणनाक आहे का? आमच्याकडं सांगतात, आमचा पूर्वज इथं पडला, गणनाक नावाचा." मी यादीवर बोट ठेवून दाखविले. गणनाक एक नव्हता, तीन होते. प्रत्येकापुढे बापाचे नाव वेगळे. तुमच्या गणनाकाच्या वडिलांचे नाव काय, असे मी विचारले. म्हाताऱ्यांनी मुलाकडे पाहिले, मुलाने बायकोकडे. मग म्हातारे म्हणाले, "ते गावाकडं थोरल्या चुलत्यांना ठाऊक होतं. ते वारले गेल्या साली." त्यांनी तिन्ही नावे माझ्या वहीतून एका कागदावर उतरवून घेतली, बापांच्या नावांसकट, आणि कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.